लंडन शहरी साताऱ्याची तकरीर

‘वकील’ हा शब्द आज उच्चारला की काळा डगला, फिर्यादीची पुडकी आणि न्यायालयाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे येतात. परंतु पेशवाईतील दप्तरे चाळणाऱ्यास ठाऊक आहे की त्या काळी हा शब्द न्यायमंदिराशी नव्हे, तर राजदरबाराशी बांधलेला होता. वकील म्हणजे धन्याचा परमुलखातील मुखत्यार. दिल्लीस हिंगणे राहिले, हैदराबादेस गोविंदराव काळे राहिले, इंग्रजांच्या वतीने चार्ल्स मॅलेट पुण्यास येऊन राहिला. आणि या सर्वांचे काम एकच होते, ते म्हणजे परक्या शहरात आपल्या धन्याचे डोळे, कान आणि जिव्हा होऊन असणे. पुढे इंग्रजी अमलात दरबार संपले व अदालती उरल्या, तेव्हा तोच शब्द दरबारातून निघून कचेरीत येऊन बसला. शब्दाच्या या दोन अर्थांच्या सांध्यावर एक मराठा वकील उभा आहे. तो जुन्या अर्थाने वकील म्हणून समुद्रापार गेला, आणि तेथे त्यास नव्या अर्थाची वकिली करावी लागली. सातारच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा कैवारी रंगो बापूजी गुप्ते हा तो पुरुष होय. परमुलखीच्या माणसाने परक्या नगरीत न्याय कोठे, कोणाकरवी आणि कशाच्या आधारे मागावा, हा प्रश्न त्याने लंडन शहरी सुमारे चौदा वर्षे उराशी बाळगला.

त्याची फिर्याद समजावयाची तर, ज्या न्यायपद्धतीत तो वाढला तिची ओळख आधी करून घेतली पाहिजे. वतनाचा, सीमेचा वा मानपानाचा तंटा उभा राहिला म्हणजे मराठी मुलखात गोत जमे. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, बारा बलुतेदार आणि पेठेचे शेटे-महाजन यांच्या समोर अग्रवादी व पश्चिमवादी या दोघांकडून प्रथम ‘राजीनामा’ घेतला जाई. आजच्या अर्थाचा नव्हे, तर सभेचा निवाडा मान्य करण्यास आम्ही राजी आहो असे लिहून देणारा. मग दोघांची ‘तकरीर’ लिहून घेतली जाई, म्हणजे ज्याचे म्हणणे त्याच्या मुखातून आलेले, आणि तेही प्रतिपक्षाच्या रूबरू. साक्षी होत, कागदपत्र पाहिले जात, प्रसंगी दिव्यही होई. आणि शेवटी जिंकणाऱ्यास ‘जयपत्र’ मिळे व हरणारा आपल्या हातचे ‘येजितखत’ लिहून देई. सरकारात एकाने हरकी भरावी, दुसऱ्याने गुन्हेगारी. या पद्धतीत दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तिच्यात विलंब होता, वशिला होता, जातिभेदाची उतरंड होती. तथापि एक गोष्ट तिने पायाभूत मानली होती. ज्याच्यावर बालंट आले त्याची तकरीर घेतल्यावाचून त्याचा निवाडा होत नसे, आणि हरलेल्याने आपली हार आपल्या हाताने लिहून दिल्यावाचून वाद मिटला असे मानले जात नसे.

सातारच्या प्रकरणी नेमके हेच मोडले. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले, आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने त्यांस सातारचे राज्य दिले. ग्रँट डफ पहिला रेसिडेंट झाला. त्यानंतर ब्रिग्ज आला. महाराजांनी रस्ते बांधिले, शाळा घातल्या, न्यायाची शिस्त लावली, आणि १८३५ मध्ये लंडनच्या डायरेक्टरांनी त्यांच्या कारभारावर प्रसन्न होऊन एक रत्नजडित तलवार देण्याचे ठरविले. ती तलवार मुंबई सरकारने त्यांच्या हाती कधी दिलीच नाही. मध्ये जहागिरदारांचा वाद आड आला होता. अक्कलकोट, फलटण, जत, औंध, भोर येथील जहागिरींवर छत्रपतींची सत्ता किती, या तहाच्या कलमावरून महाराजांनी मुंबईकरांशी वाद मांडला व लंडनचा निर्णय मागितला. मुंबईच्या कारभाऱ्यांस ही दाद मागणे हेच मुळी आगळीक वाटले.

१८३६ मध्ये महाराजांवर बालंट रचले गेले. कंपनीच्या पलटणीतील दोन देशी सुभेदारांस फितविण्याचा यत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशी संधान बांधले आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी खलबत केले, असे तीन आरोप निघाले. रेसिडेंट लॉडविक, सरकारचा चिटणीस विलोबी आणि कर्नल ओव्हन्स या तिघांचे गुप्त कमिशन बसले. पुढे लॉडविक यास दूर करून ओव्हन्स हाच रेसिडेंट झाला, आणि ज्याने आरोप गोळा केले त्याच्याच हाती आरोपीची नाडी गेली. महाराजांच्या पक्षाचे म्हणणे आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहिले: आमच्यावर जे आले त्याचे कागद दाखवा, साक्षीदार समोर आणा, आमची तकरीर घ्या. १८३९ मध्ये नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आला व त्याने सोपा मार्ग पुढे केला. मागील आगळीक कबूल करणाऱ्या लेखावर सही करावी, म्हणजे गादी राहील. महाराजांनी सही नाकारली. जे घडलेच नाही ते कबूल करून राज्य राखण्यापेक्षा राज्य गेलेले बरे, ही त्यांची भूमिका होती. आणि ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांस गादीवरून काढून काशीस रवाना करण्यात आले. त्यांचे बंधू आप्पासाहेब ऊर्फ शहाजी गादीवर बसले.

दाद मागावयाची उरली ती लंडनमध्येच. हा मार्ग अगदीच न तुडवलेला होता असे नव्हे. १७८१ मध्ये रघुनाथरावाने हणमंतराव नावाच्या ब्राह्मणास एका पारशी पितापुत्रांच्या संगतीने इंग्लंडास पाठविले होते. या परदेशी पाहुण्यांची लंडनमध्ये आबाळ होत आहे हे पाहून एडमंड बर्क याने त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले, आणि हणमंतरावास आपला स्वयंपाक व पूजाअर्चा सोवळ्याने करता यावी म्हणून बागेतील काचघर मोकळे करून दिले. १८३१ मध्ये राममोहन रॉय दिल्लीच्या बादशहाचे गाऱ्हाणे घेऊन इंग्लंडास पोहोचले व १८३३ मध्ये ब्रिस्टल येथे वारले. परक्या शहरात न्याय शोधणाऱ्यास कायद्याच्या ज्ञानाआधी आश्रय देणारे एक घर आणि दाराची वाट दाखविणारा एक माणूस लागतो, हे या जुन्या दाखल्यांवरून कळते. प्रतापसिंहांच्या वतीनेही मीर अफझल अली, यशवंतराव राजेशिर्के, भगवंतराव विठ्ठल अशी मंडळी या कामी लंडनास गेली. परंतु सर्वांत दीर्घकाळ ज्याने तेथे तग धरला तो रंगो बापूजी. रोहिडखोऱ्यातील देशपांड्यांच्या घराण्यात जन्मलेला हा प्रभू कारकुनी दप्तरात मुरलेला होता. कागद जपणे, कागदाला कागद जोडणे आणि तारखेवर तारीख ताडून पाहणे ही त्याची वंशपरंपरागत विद्या होती.

लंडनमध्ये पाय ठेवताच त्यास कळून आले की येथे आपल्या फिर्यादीसाठी न्यायासनच नाही. इंग्लंडच्या अदालतीत जावे, तर राजे-रजवाड्यांशी कंपनीने केलेला व्यवहार हा राजकीय व्यवहार असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे अर्काटच्या नवाबाच्या दाव्यात १७९३ सालीच ठरून गेले होते. कंपनीकडे जावे, तर लेडनहॉल स्ट्रीटवरील तिच्या कचेरीत चोवीस डायरेक्टरांची सभा बसे. परंतु हिंदुस्थानातील कोणाचेही गाऱ्हाणे तेथील सरकारामार्फतच आले पाहिजे, हा तिचा शिरस्ता. म्हणजे ज्या मुंबई सरकारविरुद्ध फिर्याद, त्याच सरकारच्या हातून ती फिर्याद यावयाची. त्यापुढे १७८४ च्या कायद्याने निर्माण झालेले बोर्ड ऑफ कंट्रोल. त्याचा अध्यक्ष हॉबहाउस. तेथेही सातारच्या वकिलास वकील म्हणून मान्यता नव्हती. ज्याच्या धन्याचे धनीपणच हिरावून घेतले आहे, त्याचे वकीलपत्र कोणी वाचावे?

तथापि त्या दुर्भेद्य इमारतीला एक खिडकी होती, आणि ती शोधून काढण्यात सातारच्या पक्षाची खरी हुशारी दिसते. ईस्ट इंडिया कंपनी राज्य चालवीत असली तरी जन्माने ती व्यापारी मंडळी होती. तिचे भाग विकत मिळत आणि भाग घेणाऱ्यास भागीदारांच्या सभेत बसता येई. एक हजार पौंडांच्या भागाला एक मत, तीन हजारांना दोन, सहा हजारांना तीन आणि दहा हजारांना चार, असा तिचा हिशेब होता. आणि नऊ भागीदारांनी लेखी मागणी केली तर डायरेक्टरांस खास सभा बोलवावीच लागे. १७८४ च्या कायद्यानंतर बोर्डाच्या संमतीने झालेला निर्णय फिरविण्याचा अधिकार या सभेला उरला नव्हता. पण बोलण्याचा अधिकार उरला होता, आणि बोललेले छापले जाई. रंगो बापूजीला जे न्यायासन मिळाले नाही त्याच्या जागी त्याने ही सभा घेतली. नऊ सह्यांचा हा मार्ग म्हणजे त्याच्या दृष्टीने परमुलखात जमविलेले गोतच होते.

या गोतात कोण कोण आले हे पाहण्यासारखे आहे. गुलामगिरीविरुद्ध गर्जना करून नावलौकिक मिळविलेला जॉर्ज थॉम्पसन आला. सातारचे कागद वाचून त्याने लांबलचक, मुद्देसूद भाषणे केली, आणि १८४७ मध्ये तो पार्लमेंटात निवडून गेल्यावर तोच कैवार तेथेही चालविला. पै-पैचा हिशेब मागणारा म्हणून प्रसिद्ध असलेला जोसेफ ह्यूम आला. उटकमंड वसविणारा जॉन सलिव्हन आला. मुंबईच्या टाउन हॉलात ज्याचा पुतळा उभा आहे तो सर चार्ल्स फोर्ब्स आला. सातारचा जुना रेसिडेंट ब्रिग्ज आला. आणि सर्वांत विशेष म्हणजे ज्या गुप्त कमिशनने हे बालंट उचलले त्यात स्वतः बसलेला लॉडविक, ज्याच्या नावाचे टोक आजही महाबळेश्वरी प्रवासी पाहतात, तोही भागीदारांच्या सभेत उभा राहून महाराज निर्दोष आहेत असे सांगू लागला. यांपैकी कोणी फी घेऊन उभा राहणारा धंदेवाईक वकील नव्हता. परक्या शहरात खरे साह्य पुष्कळदा असे मिळते: ज्याने आपला मुलूख पाहिला आहे, ज्याच्या मनाला अन्यायाची टोचणी लागली आहे, आणि ज्यास त्या शहराच्या रीतीभाती ठाऊक आहेत, अशा माणसांच्या ओंजळीतून.

परंतु त्या माणसांच्या तोंडी शब्द घालावयाचे तर त्यांच्या हाती कागद द्यावा लागे. काशीहून महाराजांची पत्रे येत, साताऱ्याहून आप्तांची येत. सुएझच्या वाटेनेही टपालास दीड-दोन महिने लागत, आणि प्रश्नाचे उत्तर हाती पडेपर्यंत तिमाही उलटून जाई. मोडीतील मजकुराचे इंग्रजी करावयाचे, तारखा ताडावयाच्या, एका साक्षीतील विसंगती दुसऱ्या साक्षीने उघडी पाडावयाची, आणि मग छापखान्यात उभे राहावयाचे. रंगो बापूजीच्या नावाने पुस्तिका निघाल्या, डायरेक्टरांस व मंत्र्यांस जाहीर पत्रे गेली. पार्लमेंटच्या हुकमाने सातारचे कागद छापले गेले, तेव्हा जो पुरावा आरोपीस दाखविला नव्हता तो बाजारात विकत मिळू लागला. नगरच्या कैदेत ठेवलेल्या दिवाण गोविंदराव यांच्या मातेच्या नावाचा एक अर्ज या पुराव्यात मोठा भार वाहत होता. तो खरोखर तिचा नसून दुसऱ्याच माणसाने लिहिला होता, हा मुद्दा सातारच्या पक्षाने जोराने मांडला. वकिली या धंद्याचे सार याहून निराळे काय आहे? पुराव्याचा कागद उजेडात धरून त्याच्या पाठीमागचा हात दाखवून देणे, हेच ते.

आणि या साऱ्या खटाटोपात मागणी काय होती? राज्य परत द्या, ही मागणी शेवटची; पहिली मागणी चौकशीची. चौकशी करा, रूबरू करा, आणि अपराध सिद्ध झाला तर शिक्षा भोगण्यास आम्ही तयार आहो. जुन्या भाषेत सांगावयाचे तर हा राजीनामा होता. रोहिडखोऱ्यातील एखाद्या सुताराला वा तेल्याला गोतापुढे जे विनासायास मिळाले असते, तेवढेच शिवछत्रपतींच्या वंशजासाठी, जगातील सर्वांत बलाढ्य शहरात, चौदा वर्षे मागितले जात होते. सभांवर सभा झाल्या. भाषणे रात्री उशिरापर्यंत चालली. मतांची मोजदाद झाली आणि प्रत्येक वेळी बहुमत डायरेक्टरांच्या बाजूने पडले. चौकशी नको, हाच दर वेळचा निकाल.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीस वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी सातारच्या गादीवरील शहाजी महाराजही गेले. दोघांनीही दत्तक घेतले होते; परंतु मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क आणि रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांचे मत खालसा करण्याच्या विरुद्ध असूनही लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा करण्याचे ठरविले, आणि १८४९ च्या आरंभी डायरेक्टरांनी त्यावर मान डोलाविली. ज्या वकिलाचा धनी गेला, धन्याची गादी गेली, येणारा पैसाही आटला, त्याने आता कशासाठी राहावे? तरी तो राहिला. आता दत्तकाचा हक्क आणि राण्यांचे न्याय्य मागणे त्याच्या पदरी होते. कर्ज वाढत गेले. शेवटी कंपनीनेच त्याची देणी भागवून परतीची सोय केली, आणि १८५३ च्या अखेरीस तो स्वदेशी निघाला.

त्याच्या पक्षाने अदालतीचा मार्ग धरला असता तर काय झाले असते, याचे उत्तर मराठ्यांच्याच दुसऱ्या एका गादीने पुढे दिले. व्यंकोजीराजांनी स्थापिलेल्या तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारले, आणि कंपनीने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला व तो जिंकलाही. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात गेले, आणि १८५९ मध्ये लॉर्ड किंग्सडाउन यांनी निवाडा दिला तो असा, की ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेचे कृत्य आहे. ते न्याय्य होते की अन्याय्य, हे पाहणे न्यायालयाचे काम नव्हे. राणीसाहेबांस पुढे १८६२ मध्ये मालमत्ता परत मिळाली ती कृपा म्हणून, हक्क म्हणून नव्हे. हा निवाडा कायद्याच्या ग्रंथांत आजही आधारास घेतला जातो. म्हणजे ज्यांस सभा सापडली त्यांस ऐकले गेले पण न्याय मिळाला नाही, आणि ज्यांस न्यायासन सापडले त्यांस त्या न्यायासनाने आपले हात बांधलेले असल्याचे सांगितले.

साताऱ्यास परतल्यावर रंगो बापूजीच्या वाट्यास शांती आली नाही. १८५७ च्या उठावात सातारच्या कटाचा सूत्रधार म्हणून त्याचे नाव निघाले. त्याचा मुलगा सीताराम फासावर गेला. सप्टेंबरात गेंडामाळावर सतरा जणांस देहान्त शिक्षा झाली. आणि रंगो बापूजी स्वतः जो नाहीसा झाला तो पुन्हा कोणाच्या हाती लागला नाही. ज्या पुरुषाने आयुष्याची उमेदीची चौदा वर्षे सनदशीर अर्जविनंत्यांत घालविली, त्याच्या घराला शेवटी फासाची दोरी पाहावी लागली. न्यायाचे दार बंद ठेवणाऱ्यांनी आपल्याच हाताने दुसरे दार उघडले, असे मी म्हणतो ते कोणत्याही आवेशात नव्हे. चौदा वर्षांच्या कागदांचा तोच मथितार्थ आहे. १८५८ मध्ये त्या कंपनीचे राज्यही संपले आणि लेडनहॉल स्ट्रीटवरची तिची ती इमारत काही वर्षांत पाडली गेली.

ज्यांनी हा प्रयत्न व्यर्थ गेला असे लिहिले, त्यांनी जयपत्राकडेच पाहिले. जयपत्र मिळाले नाही हे खरेच आहे. परंतु जुन्या मराठी न्यायाची जी रीत वर सांगितली तिच्यात दोन कागद होते, आणि दुसरा कागद हरणाऱ्याने द्यावयाचा असे. १८३९ मध्ये कार्नाकने पुढे केलेला लेख हा एक प्रकारे येजितखताचाच मसुदा होता, आणि महाराजांनी त्यावर सही केली नाही. त्यांच्या वकिलाने कर्जात, एकाकीपणात, धनी गेल्यावरही ती सही केली नाही. दत्तकाच्या वतीने नाही, राण्यांच्या वतीने नाही, आपल्या परतीच्या प्रवासाच्या मोबदल्यातही नाही. साताऱ्याची तकरीर लंडनच्या छापील कागदांत आजही दाखल आहे, तिच्यावर प्रतिपक्षाचे रूबरू उत्तर कधी झाले नाही, आणि आपल्या गोताच्या रीतीने पाहिले तर तो वाद अद्याप मिटलेला नाही.